सूर गोड, मान अवघडलेली

गेल्या दिवाळीत आमच्या घरात दोन नळ्या पाठोपाठ आल्या. एक बांबूची आणि दुसरी मलमाची. पाडव्याच्या मुहूर्तावर मी अडीच फुटी नवी बासरी घेतली, आणि देवदिवाळी उलटायच्या आत मानेला चोळायचे मलम घरात आले. "एका नळीत फुंकायचं आणि दुसरी पिळायची! छंद असावा तर असा!" असे आमच्या घरातले धनी म्हणाले. मी हसले. हसताना मान उजवीकडे वळवली आणि 'आई गं' म्हणून ओरडले.

वाचकहो, मी काही वादक नाही. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत बाराखडी गिरवून घेतली, त्यांपैकी अकरा वर्षे पाथर्डी तालुक्यात. निवृत्त झाल्यावर नगरला सावेडीत राहायला आले. (२०२४ पासून आमचे नगर सरकारदरबारी अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेला वळण पडलेले असते, रागावू नये.) हात रिकामे झाले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, भिशीत या. मी बासरीच्या वर्गात गेले. लहानपणी यात्रेत चार आण्यांची पावी घेऊन द्या म्हणून हट्ट केला होता. तो पुरा व्हायला साठ वर्षे लागली, एवढेच!

ही गोष्ट बासरी कशी वाजवावी याची नाही. ते सांगायचा माझा अधिकार नाही. वाजवताना दुखू नये म्हणून काय करावे, एवढेच मी स्वतःच्या मानेच्या खर्चाने शिकले. घरोघरी मुलेबाळे आता बासरी, सनई, क्लॅरिनेट शिकू लागली आहेत, आणि त्यांच्या आयांना नि आज्यांना ही हकीकत कळलेली बरी, म्हणून लिहीत आहे.

त्रिभंगाचा मोह

डोळे मिटून 'बासरी' म्हणा, काय दिसते? मुरलीधर! एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकलेला, कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. दिवाळीच्या दिनदर्शिकेपासून मिठाईच्या खोक्यापर्यंत तेच चित्र. शिकणारा कोणीही असो, बासरी ओठाला लावली की त्याची मान आपोआप तशीच कलते. माझीही कलली. पण देवाचे एक बरे असते. चित्रात तो एका क्षणापुरता उभा असतो, रोज दोन तास पलटे घोटत बसत नाही. कृष्णाला त्रिभंग शोभतो. आम्हां साठीच्या बायकांना नुसता भंगच उरतो.

त्यात माझी बासरी लांब. हल्लीच्या मैफलीची बासरी अशी लांब असते, यामागे एका मोठ्या कलावंताचे कष्ट आहेत. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांच्या आधी बासरी हे बहुतांशी लोकगीतांचे आणि साथीचे, आखूड वाद्य समजले जाई. ख्यालगायनाचा गंभीर स्वर बासरीतून निघावा म्हणून त्यांनी निरनिराळ्या लांबीच्या नळ्या करून पाहिल्या आणि सुमारे बत्तीस इंचांची बासरी मैफलीत आणली. नळी जितकी लांब तितका सूर खाली, हा निसर्गाचाच नियम. पण नळी वाढली की भोकांमधले अंतरही वाढते. सूर खाली उतरला आणि बोटांना फाकावे लागले, हात लांबवावे लागले. गोडव्याची किंमत अशी कुठे तरी मोजावीच लागते. ती मानेने आणि खांद्याने मात्र मोजू नये.

मला हे तेव्हा कुठले ठाऊक? पहिल्या महिन्यात मान अवघडली. दुसऱ्या महिन्यात उजव्या खवाट्याखाली कोणी तरी काडी टोचते आहे असे वाटू लागले. तिसऱ्या महिन्यात सकाळी कणीक मळताना डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. गुरुजींनी पहिल्याच दिवशी 'बाई, ताठ बसा, सैल बसा' असे सांगितले होते. मी फक्त सूर ऐकत होते, सूचना नाही. आणि दुखणे? ते मी मोठ्या अभिमानाने मिरवत होते. 'दुखल्याशिवाय विद्या येत नाही' हे वाक्य शाळेत हजार वेळा मुलांना ऐकवले होते, तेच आता स्वतःला ऐकवीत होते.

सनईवाले मामा

माघात एका जुन्या मैत्रिणीच्या मुलीचे लग्न होते. नगरच्याच एका कार्यालयात. सनई वाजत होती, पण ध्वनिवर्धकातून. पंगतीच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मला ओळखले, मग मीही ओळखले. तिसगावकडच्या एका वाडीतले सनईवाले. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला होता. एके काळी पंचक्रोशीतले एकही लग्न त्यांच्या सनईवाचून लागत नसे. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेत आणि मोहट्याच्या नवरात्रात तर त्यांना उसंत नसायची.

"मामा, तुम्ही असताना हा कर्णा कशाला?" मी विचारले.

"बाई, उजवा हात वर जात न्हाई आता," मामा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी टोपी नीट केली ती डाव्या हाताने. "टोपी घालायची तरी ह्याच हातानं. सा वरसं झाली, सनई खुंटीला टांगली."

"दुखत होतं तेव्हा कुणाला दाखवलं नाही?"

"दुखायचं तर रोजच. आमचा बा म्हणायचा, हात दुखला म्हंजी सूर लागला. मिरवणूक चार-चार तास चालायची. सनई वर धरून चालायचं, मान पुढं, खांदा वर. दुखलं की तेल लावायचं नि दुसऱ्या दिशी पुन्हा उभं राहायचं. दाखवलं, पर लई उशिरा. डाक्टर म्हणले, खांदा आखडून बसला. दोन वरसं आधी आला असतास तर..."

मामांनी वाक्य पुरे केले नाही. कर्ण्यातली सनई मात्र वाजतच होती.

नातीचा प्रश्न

घरी आले. रात्री आमची नात माझ्याजवळ येऊन बसली. ती अकरा वर्षांची. माझी बासरी ऐकून तिनेही हट्ट धरला होता आणि मी माझीच लांब बासरी तिच्या हाती दिली होती. तिची इवलीशी बोटे ताणून ताणून भोकांवर बसवीत असे आणि ती तक्रार करू लागली की माझे ठरलेले वाक्य ऐकवीत असे.

त्या रात्री ती मान चोळत होती. म्हणाली, "आजी, आज खूप दुखलं. म्हणजे आज छान वाजलं, हो ना?"

वाचकहो, आयुष्यात मी पुष्कळ मुलांच्या पाट्या तपासल्या. पण माझ्याच हातची चूक एवढ्या ठळक अक्षरांत कोणी माझ्यापुढे धरली नव्हती. मामांच्या वडिलांचे वाक्य आणि माझे वाक्य एकच होते. मामांचा खांदा त्या वाक्याने खाल्ला होता, आणि तेच वाक्य मी पोरीच्या मानेवर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी बासरी पिशवीत घालून मी फिजिओथेरपिस्टकडे गेले.

हलकी बासरी, जड हात

ती तरुण मुलगी होती. तिने आधी हात तपासला, मान तपासली, मुंग्या कुठे येतात ते विचारले. मग म्हणाली, "काकू, आता वाजवा." मी चकित झाले. दुखते म्हणून आले, तर ही वाजवायला सांगते! पण मी वाजवले, आणि तिने बाजूने माझा फोटो काढून मला दाखवला.

सतरंजीवर चक्क एक प्रश्नचिन्ह बसले होते! पाठीला पोक, हनुवटी पुढे, उजवा खांदा कानाला टेकू पाहणारा, आणि प्रश्नचिन्हाच्या खालचा टिंब म्हणजे मी घातलेली मांडी.

"पण बासरी तर पिसासारखी हलकी आहे," मी म्हणाले.

"बासरी हलकी आहे काकू, पण हात हलके नाहीत," ती म्हणाली. आणि तिने जो हिशेब मांडला तो मला अजून पाठ आहे. माणसाच्या एका हाताचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे पाच टक्के असते. म्हणजे साठ किलोच्या बाईचे दोन हात मिळून सहा किलो. वाजवताना हे सहा किलो हवेत तोलून धरायचे काम मानेचे आणि खांद्याचे स्नायू करतात. शिवाय डोके साडेचार-पाच किलोचे. ते मणक्यांच्या बरोबर वर असले की फारसा भार जाणवत नाही. पुढे झुकले की मानेमागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. भरलेली घागर कंबरेवर घेणे आणि तीच हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच इथे.

"आणि स्नायूला हालचाल आवडते," ती म्हणाली. "आवळला, सैल झाला, पुन्हा आवळला, की रक्त खेळतं. एकाच जागी आवळून ठेवला की रक्त कमी पोहोचतं आणि तो ठणकू लागतो. तुमच्या मुंग्यांचं कारण वेगळं. मानेतून निघून कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे एक मज्जातंतू जातो. कोपर फार वेळ घट्ट दुमडून ठेवलं की तो ताणला जातो."

थोडक्यात, मी तोंड बासरीकडे नेत होते. न्यायचे होते ते उलट: आधी नीट बसायचे, मान सरळ ठेवायची, आणि मग बासरी ओठांपर्यंत आणायची. पुढे मी जे जे शिकले ते सगळे या एका वाक्याचेच पाढे आहेत.

बैठक

आपल्याकडे वाजवायचे म्हणजे मांडी घालूनच, असा दंडक. मांडी वाईट नाही. पण शहरातल्या आपल्या गुडघ्यांना आणि कमरेला तिची सवय राहिलेली नाही. सपाट जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर येतात, कंबर मागे कलंडते आणि पाठीला पोक येतो. उपाय घरातच असतो. आमच्या जिल्ह्यात धनगरी घोंगडी घरोघरी सापडते. तिची चांगली चार बोटे उंचीची घडी करून ती फक्त बैठकीखाली घ्यायची, मांड्यांखाली नाही. बैठक उंचावली की गुडघे खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ होते. मुद्दाम ताठ बसावे लागत नाही.

मांडी जमतच नसेल तर खुर्ची घ्यावी. तीत कमीपणा कसला? खुर्ची सपाट आणि टणक हवी, सोफा नको. पुढच्या अर्ध्या भागावर बसावे आणि दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवावीत. उभे राहून वाजवायचे असेल तर मुरलीधराचा नाही, पंढरपूरच्या विठोबाचा आदर्श ठेवावा: समचरण! भार दोन्ही पावलांवर सारखा, गुडघे सैल.

आणि मधल्या विश्रांतीत खुशाल टेकून बसावे. नेवाशाला पैसाचा खांब आहे. त्या खांबाला टेकून बसून ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, अशी परंपरा आहे. एवढा ग्रंथ सांगणाऱ्याला टेकू चालला, तर तीन पलटे वाजवणारीने संकोच का करावा?

मान, खांदा आणि कोपर

बसल्यावर घाईने बासरी उचलू नये. आधी दोन्ही खांदे कानांपर्यंत उचलून एकदम सोडून द्यावेत. ते जिथे पडतील ती त्यांची खरी जागा. मग समोर पाहावे आणि बासरी ओठांपर्यंत आणावी. ओठ तिला शोधायला पुढे गेले की समजावे, चुकले!

बासरी उजवीकडे धरणाऱ्याची एक खास चूक असते. बासरी खांद्यांच्या रेषेत ठेवण्याच्या नादात तो उजवे कोपर मागे ओढतो. तसे न करता बासरीचे दूरचे टोक थोडे पुढे जाऊ द्यावे. त्यासाठी मान किंचित डावीकडे वळते. वळते म्हणजे वळते, कलत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याने खुर्चीच थोडी उजवीकडे फिरवून ठेवली आणि चेहरा समोर राखला की हे सहज साधते. टोक थोडे खाली उतरले तरी सुरांचा अपमान होत नाही, हातांना मात्र विसावा मिळतो. कोपरे काखेत चिकटवू नयेत आणि पंखांसारखी पसरूही नयेत. काखेत एखादे मोसंबे मावेल एवढी जागा पुरे.

श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तेही आरशात पाहावे. हवा खांद्यांत भरायची नसते. खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना फुलल्या पाहिजेत.

सनई आणि क्लॅरिनेट समोर धरतात, म्हणून तिथे मान वळत नाही. पण पुढे जाते. पत्ती ओठांत धरण्यासाठी हनुवटी पुढे काढायची खोड लागते. क्लॅरिनेटचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते आणि त्याचा बराचसा भार उजव्या अंगठ्यावर येतो. लग्नाच्या वरातीत तासन् तास उभे राहून वाजवणाऱ्या बँडवाल्यांचा अंगठा आणि मनगट का दुखतात, ते यावरून कळावे. सॅक्सोफोनला गळ्यात पट्टा असतो, तसा क्लॅरिनेटसाठीही मिळतो. मुलाला क्लॅरिनेट घेऊन द्याल तर पट्टाही घेऊन द्या.

बोटे दाबायची नसतात

भोक झाकायचे असते, दाबायचे नसते. नवशिक्याला सूर फुटला की वाटते, बोट सैल पडले. मग तो बांबू चेपू लागतो, जणू उसाचा रसच काढायचा आहे! खरे तर बोट भोकावर नीट बसलेले नसते. लांब बासरीवर बोटांच्या टोकांचा हट्ट सोडून बोटे सरळ ठेवावीत आणि पेराच्या मऊ, सपाट भागाने भोक झाकावे. हात लगेच सैल होतो.

आणि हात लहान असेल तर बासरी लहान घ्यावी. आमच्या नातीची लांब बासरी मी त्याच आठवड्यात काढून घेतली आणि तिच्या बोटांना सहज पोचेल अशी आखूड आणून दिली. आखूड बासरीचा सूर उंच असतो, इतकेच. लहान मुलाला आपण वडिलांचे जोडे घालून शाळेत पाठवत नाही. मग आजीची बासरी का द्यावी?

हल्ली आणखी एक शत्रू घरात शिरला आहे. पुष्कळ मुले मोबाइलवर पाहून शिकतात आणि तो मांडीवर नाही तर सतरंजीवर ठेवतात. डोळे खाली, मान खाली. मी फराळाचे दोन डबे एकावर एक रचते आणि मोबाइल डोळ्यांच्या उंचीला टेकवते. डब्यांतल्या चकल्या संपल्या तरी डब्यांचे काम चालू आहे.

घड्याळाचा मान

सर्वांत अवघड धडा वेळेचा. सलग दीड तास बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे वाजवावे, पाच मिनिटे थांबावे, उठून चार पावले चालावे, हात झटकावेत. सुरुवात लांब, सावकाश सुरांनी करावी; थंडीत तर आधी हात ऊन करून घ्यावेत. चार दिवस बासरी बंद असेल तर पाचव्या दिवशी सगळी बाकी एकदम फेडायला जाऊ नये. कार्यक्रम जवळ आला म्हणून रियाज एकाएकी दुप्पट करणे हे तर दुखण्याला अक्षता देऊन बोलावण्यासारखे आहे. वेळ वाढवायचा तो दर आठवड्याला थोडा थोडा. लोणचेसुद्धा एका दिवसात मुरत नाही.

दुखण्याचीही भाषा असते. वाजवून झाल्यावर स्नायू थोडे थकलेले वाटले आणि रात्रीच्या झोपेने बरे झाले, तर काळजी नको. पण वाजवताना दुखू लागले तर तिथेच थांबावे. दुसऱ्या दिवशीही दुखणे उरले, रात्री झोपमोड झाली, मुंग्या किंवा बधिरपणा आला, हातातून वस्तू निसटू लागली, तर तो लाल दिवा. मग मलमाच्या नळ्या बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. जाताना वाद्य बरोबर न्यावे. दुखण्याचे मूळ पुष्कळदा आपल्यापेक्षा तेच नीट सांगते.

थोरामोठ्यांनाही सुटले नाही

हे फक्त आमच्यासारख्या हौशी मंडळींचे रडगाणे आहे असे समजू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांची एक मोठी पाहणी झाली. तीत २,२१२ वादकांनी माहिती दिली, आणि त्यांपैकी ७६ टक्के वादकांना वाजवण्यावर परिणाम करणारी एक तरी शारीरिक तक्रार होती. हे सगळे पोटापाण्यासाठी वाजवणारे, पक्के तयार झालेले लोक!

आणि एक गोष्ट आपल्या जवळची. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ साली भारतात आले. अंग ताठरलेले, थकवा जाता जात नव्हता. मुंबईत त्यांची गाठ पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. काही मिनिटांचीच भेट ठरली होती, ती तासांवर गेली. अय्यंगारांनी त्यांना आधी काय शिकवले असेल? कष्ट नव्हे, विश्रांती! पुढे मेन्युहिन यांनी त्यांना युरोपात बोलावून घेतले आणि १९५४ साली एक घड्याळ भेट दिले. त्यावर 'माझे सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक' अशा अर्थाची अक्षरे कोरली होती. अय्यंगारांनी व्हायोलिनवर त्यांना एक सूरही शिकवला नव्हता. त्यांनी शिकवले होते ते उभे राहणे, श्वास घेणे आणि अंग सोडून देणे. शरीराला आधार देण्यासाठी घडी घातलेली कांबळी, पट्टे आणि खुर्च्या वापरायची अय्यंगारांची पद्धत पुढे जगभर गेली. आमच्या घोंगडीची घडी त्याच कुळातली म्हणायची!

"पण जन्माची सवय या वयात कशी सुटणार?" असे कोणी म्हणेल. मीही म्हणाले होते. त्याला उत्तर हरिप्रसाद चौरसियांचे. ते बासरी उजव्या बाजूला धरून वाजवीत. वादक म्हणून नाव झाल्यावर ते मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, आणि आपण अगदी पहिल्यापासून शिकायला तयार आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी बासरीची बाजूच बदलली. उजव्याऐवजी डावीकडे! दोन्ही हातांची कामे उलटी झाली. एवढ्या मोठ्या कलावंताला पुन्हा श्रीगणेशा करता आला, तर आपल्याला नुसती हनुवटी चार बोटे मागे घेता येऊ नये?

पुन्हा पाडवा

माझ्या करंगळीच्या मुंग्या थांबायला अडीच महिने लागले. पहिले तीन आठवडे बासरी पूर्ण बंद होती. मग पाच मिनिटे, मग दहा, असे करत आज दिवसाला तीन वेळा वीस-वीस मिनिटे वाजवते. समोर आरसा असतो. खांदा चढू लागला की आरशातली बाई मला दटावते. मान कधी तरी अजून कुरकुरते, पण आता मी तिचे ऐकते.

नातीला मी समोर बसवून सांगितले, "आजी चुकली होती. दुखलं म्हणजे छान वाजलं असं नसतं. दुखलं म्हणजे काही तरी चुकतंय, थांब आणि बघ, असं असतं." ती म्हणाली, "मग तू आधी का नाही सांगितलंस?" शाळेत मी मुलांना 'उलट बोलू नये' म्हणत असे. या खेपेला गप्प बसले.

वैशाखात मी तिसगावकडे मामांना भेटायला गेले. त्यांचा नातू तेरा वर्षांचा आहे आणि त्याने खुंटीवरची सनई खाली काढली आहे. तो अंगणात वाजवीत होता. मामा शेजारी बसले होते. मी माझी घोंगडीची घडी, खांदे सोडणे, घड्याळ, सगळे मास्तरकी थाटात सांगितले. मामांनी मान डोलावली, पण बोलले काही नाही. मला वाटले, म्हातारा मनात हसत असेल. यांच्या घरात सात पिढ्यांची सनई, आणि ही बाई आम्हाला बसायला शिकवते!

थोड्या वेळाने पोराचा सूर चांगला लागला. तो रंगात आला, मान पुढे गेली, खांदा वर चढू लागला. तोच मामांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि हलकेच तो खाली दाबला.

"बास कर लेका, जरा थांब," ते म्हणाले. "हात झटक. पाणी पी. सूर कुठं पळून जात न्हाई."

मग माझ्याकडे पाहून त्यांनी टोपी सारखी केली. अजूनही डाव्याच हाताने.